राजधानीच्या भिंतींवरचा चौक

दिल्लीत राहणाऱ्या आपणा मराठी मंडळींना भिंतींचे तसे अप्रूप नाही. तुघलकाबादपासून लाल किल्ल्यापर्यंत या शहरात जिकडे पाहावे तिकडे भिंतीच आहेत, आणि बहुतेक प्रत्येकीला तीनचारशे वर्षांचा तरी इतिहास आहे. पण गेल्या दहाबारा वर्षांत राजधानीत एका वेगळ्याच प्रकारच्या भिंती दिसू लागल्या. सरकारी क्वार्टरांच्या आंधळ्या बाजू, उड्डाणपुलांचे खांब, मेट्रोचे जिने, नोएडा-गुडगावातल्या सोसायट्यांची कुंपणे, सगळीकडे चित्रे आली. त्यांत गोंडांची झाडे आहेत, मधुबनीचे मासे आहेत, आणि आपल्या ओळखीची, दोन त्रिकोणांची, हात धरून नाचणारी पांढरी माणसेही आहेत.

जुलै २०२४ मध्ये जागतिक वारसा समितीचे ४६ वे अधिवेशन नवी दिल्लीत भरले. पाहुणे यायच्या आत केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाने ललित कला अकादमीमार्फत ‘परी’ म्हणजे ‘पब्लिक आर्ट ऑफ इंडिया’ हा उपक्रम हाती घेतला आणि देशभरातल्या दीडशेहून अधिक कलाकारांकडून शहरातल्या सार्वजनिक जागा रंगवून घेतल्या. राजस्थानची फड, ओरिसाची लांजिया सौरा, गुजरातची पिठोरा, उत्तराखंडची ऐपण आणि महाराष्ट्राची वारली अशा कितीतरी शैली त्यात होत्या. कार्यालयातले अमराठी सहकारी हौसेने विचारतात, “ये आपके महाराष्ट्र का है ना?” होय म्हणताना आपली मान ताठ होते. पण त्यांचा पुढचा प्रश्न असतो, “किसने बनाया?” या प्रश्नाचे उत्तर मोठे आहे, आणि ते प्रत्येक दिल्लीकर मराठी घरात माहीत असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सरकारी भिंतींवर चित्रे

सरकारी इमारतीवर देशी चित्र काढावे ही कल्पना आजची नाही, आणि तिच्या मुळाशी एक आपला माणूस आहे. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर यांच्या मनात आले की संसद भवन इंग्रजांनी बांधलेले असले तरी त्याच्या भिंतींनी भारताची गोष्ट सांगावी. त्यासाठी १९५१ मध्ये समिती नेमली गेली आणि पुढे त्या वर्तुळाकार इमारतीच्या बाहेरच्या ओवरीत भारतीय इतिहासातील प्रसंगांची चित्रे लागली. २०२३ पासून ‘संविधान सदन’ या नावाने ओळखली जाणारी ती हीच वास्तू.

त्याच सुमारास, १९५२ मध्ये, सतीश गुजराल हे तरुण चित्रकार शिष्यवृत्तीवर मेक्सिकोला गेले. मेक्सिकोत क्रांतीनंतर, १९२० च्या दशकात, सरकारने दिएगो रिवेरा, ओरोस्को, सिकेरोस यांना शाळा, कचेऱ्या आणि मंत्रालयांच्या भिंती दिल्या होत्या. स्पॅनिश राजवटीने ज्या मूळ रहिवाशांना तीनशे वर्षे हिणवले, ते शेतकरी आणि मजूर प्रथमच सरकारी भिंतीवर माणसाच्या आकाराचे, किंबहुना त्याहून मोठे दिसू लागले. गुजराल तेथून भित्तिचित्राचे वेड घेऊन परतले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या भिंतीवरचे त्यांचे काम आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. १९९२ मध्ये कस्तुरबा गांधी मार्गावरील ब्रिटिश कौन्सिलच्या दर्शनी भागावर हॉवर्ड हॉजकिन यांचे झाडाच्या सावलीसारखे चित्र आले. पण ही सारी नामवंत, कलाशाळेत शिकलेल्या चित्रकारांची कामे. त्यांत आदिवासी बाईमाणसाचा हात कुठे नव्हता.

रस्त्यावरच्या चित्रांची आजची लाट २०१४ ची. त्या वर्षी ‘स्टार्ट इंडिया फाउंडेशन’ने शाहपूर जाट भागात चित्रे काढवली आणि आयटीओजवळच्या तत्कालीन पोलीस मुख्यालयावर हेंड्रिक बाइकिर्ख या जर्मन चित्रकाराने अनपू वर्की यांच्यासह गांधीजींचे सुमारे दीडशे फूट उंच चित्र काढले. त्याच वर्षी तिकडे वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर रणजित दहिया यांनी दादासाहेब फाळक्यांना उभे केले. पाठोपाठ लोदी कॉलनीची पाळी आली.

लोदी कॉलनी आपल्या लोकांना चांगली ठाऊक आहे. १९४० च्या दशकात, इंग्रजांच्या अगदी अखेरच्या काळात, सरकारी नोकरांसाठी बांधलेली ही वसाहत. आम्ही स्वतः तिथल्या क्वार्टरमध्ये सात वर्षे काढली. दोन ब्लॉकांना जोडणारी ती उंच कमान, रुंद गल्ली, आणि गल्लीकडे पाठ केलेली खिडक्या नसलेली प्रचंड भिंत. सीपीडब्ल्यूडीचा पिवळट रंग एकदा लागला की पाचसात वर्षे पुन्हा कोणी बघत नसे. त्या भिंतींचा उपयोग आमच्या मुलांना एवढाच, की क्रिकेटचे स्टंप कोळशाने काढता येत. खन्ना मार्केट ते मेहेरचंद मार्केट या पट्ट्यातल्या त्याच भिंतींवर २०१५-१६ पासून देशोदेशीच्या चित्रकारांनी रंग चढवला, आणि आज पन्नासहून अधिक चित्रांचा तो ‘लोदी आर्ट डिस्ट्रिक्ट’ झाला आहे. रविवारी सकाळी तरुण मुले फोटो काढायला गर्दी करतात. आनंद वाटतो. पण मूळ प्रश्न वारलीचा होता, आणि त्यासाठी आपल्याला दिल्लीतून आधी बिहारला आणि मग डहाणूला जावे लागेल.

कुलकर्णींचे दोन प्रवास

१९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. मधुबनीचे ब्रिटिश अधिकारी विल्यम आर्चर नुकसानीची पाहणी करीत फिरत असताना त्यांना पडक्या घरांच्या आतल्या भिंती दिसल्या. त्या भिंती चित्रांनी भरलेल्या होत्या. घरातल्या बायकांनी लग्नाच्या खोलीत, म्हणजे ‘कोहबर’मध्ये, काढलेली कमळे, बांबू, पोपट, मासे. बाहेरच्या जगाने ती पाहण्याचे कारणच नव्हते. आर्चर यांनी त्यावर १९४९ मध्ये मुंबईच्या ‘मार्ग’ नियतकालिकात लिहिले.

पुढे १९६६-६७ मध्ये बिहारमध्ये दुष्काळ पडला. दिल्लीत हस्तकला मंडळाची सूत्रे सांभाळणाऱ्या पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना कागदाचे गठ्ठे देऊन मधुबनीकडे पाठवले. भिंतीवर जे काढता ते कागदावर काढा, आम्ही ते विकत घेऊ, असा साधा प्रस्ताव. गावोगाव पायपीट करून, ओसरीवर बसून, कुलकर्णींनी बायकांना राजी केले. सीतादेवी, गंगादेवी, महासुंदरीदेवी ही पुढे गाजलेली नावे त्यांच्या या कामातून बाहेर आली. मिथिलेच्या ज्या बायका घराचा उंबरा सहसा ओलांडत नसत, त्यांची चित्रे दिल्लीच्या एम्पोरियममध्ये विकली जाऊ लागली आणि दुष्काळात चूल पेटली.

हेच कुलकर्णी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ठाणे जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर पोहोचले. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हा तो मुलूख. २०१४ मध्ये पालघर हा वेगळा जिल्हा झाला, त्यात तो आला. मधुबनी आणि वारली ही आज दिल्लीच्या भिंतींवर शेजारी शेजारी दिसणारी दोन नावे आहेत, आणि दोन्हींच्या मागे हा एकच भिडस्त मराठी चित्रकार आहे. आपल्या समाजात त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे, हे ज्याचे त्याने स्वतःला विचारावे.

लग्नाचा चौक

वारल्यांची झोपडी कुडाची. लग्न ठरले की आतली भिंत शेणाने सारवायची, गेरूने लाल करायची, तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे आणि बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ करून तिने चित्र रेखायचे. हे काम सवाशिणींचे. भिंतीवर त्या ‘चौक’ काढतात, म्हणजे नक्षीच्या पट्ट्यांनी बांधलेली चौकट, आणि तिच्या मधोमध पालघट देवी. ही झाडापेरांची, सुफलतेची देवता. भोवती सूर्य, चंद्र, झाडे, जनावरे, नाचणारी माणसे. शेजारच्या लहान देवचौकात घोड्यावर बसलेला पाच शिरांचा देव. चौक नसेल तर लग्न नाही. लग्नाचे विधी चालवणारी ‘धवलेरी’ हीसुद्धा बाईच, आणि तिची गाणी चालू असतानाच लग्न लागते.

आपल्याकडच्या चैत्रांगणाची इथे आठवण होते. चैत्रगौर बसली की आजी अंगणात सूर्य, चंद्र, तुळस, कासव, पाळणा असे एकेक चिन्ह बोटातून सोडत असे. कुठेही सही नाही, आणि दुसऱ्या दिवशी झाडूबरोबर सगळे जाई. पुढच्या वर्षी ते पुन्हा येई, कारण आजीने आईला शिकवलेले असे. वारल्यांचा चौकही तसाच. भिंत उतरते, पीठ झडते, पुढच्या लग्नात पुन्हा नवा चौक. आता तो दिल्लीच्या खांबांवर ऑइल पेंटने आला आहे, म्हणून मूळचा कसा असतो ते जरा सविस्तर सांगितले.

या लग्नाची आणखी एक बाजू आहे, ती कुठल्याही खांबावर दिसत नाही. जमीनदार आणि सावकारांच्या काळात वारल्याला लग्नापुरते कर्ज काढले की त्याच्या फेडीसाठी नवराबायको दोघांना मालकाकडे राबावे लागे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज थोडेसे असे आणि राबणे जन्मभराचे. या वेठबिगारीविरुद्ध १९४५ मध्ये वारल्यांनी उठाव केला. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर रानोमाळ हिंडले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. साहित्य अकादमी आणि ललित कला अकादमी मंडी हाऊसच्या एकाच रवींद्र भवनात आहेत. एका दारातून वारल्यांच्या वेठबिगारीचा इतिहास गौरवला गेला, आणि त्यानंतर बावन्न वर्षांनी दुसऱ्या दारातून वारल्यांचा नाच शहराच्या भिंतींवर पाठवला गेला. पाहुण्यांना चित्र दाखवताना ही पहिली गोष्टही सांगायला हवी. तो गोल नाच नुसत्या आनंदी, निरागस लोकांचा नाही. ज्यांना आपले लग्नही गहाण टाकून करावे लागे, अशा लोकांनी जपलेला तो नाच आहे.

जिव्या सोमा म्हसे

कुलकर्णींना भेटलेल्या वारल्यांमध्ये डहाणूजवळच्या गंजाड भागातले जिव्या सोमा म्हसे होते. लहानपणी आई गेली आणि जिव्याचे बोलणे थांबले. बोटाने मातीत चित्र काढून तो मनातले सांगे. चौक हे सवाशिणींचे काम, पुरुषाने त्यात हात घालायचा नाही. पण म्हसे लग्नकार्याशिवाय, रोज, मनात येईल ते चित्र काढत. मासे पकडण्याचे जाळे, तारप्याचा वेटोळा नाच, वारुळे, भातशेती. कुलकर्णींनी या माणसाचे सामर्थ्य ओळखले. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती आणि २०११ मध्ये ते पद्मश्री झाले. १५ मे २०१८ रोजी ते गेले. सदाशिव आणि बाळू ही त्यांची मुलेही चित्रकार आहेत.

म्हसे यांच्या मोठेपणाबद्दल शंकाच नाही. पण एक बदल त्यांच्याबरोबर आला, तो नोंदवला पाहिजे. चित्र भिंतीवरून कागदावर आले, कागदाला पैसा आला, प्रदर्शनासाठी मुंबई-दिल्लीचा प्रवास आला, आणि बायकांच्या हातातली काडी मोठ्या प्रमाणात पुरुषांच्या हातात गेली. म्हसे यांचे नाव जगाला कळले हे फार चांगले झाले. त्यांच्या आधी कित्येक पिढ्या ज्यांनी ही चित्रभाषा घडवली, त्या सवाशिणींपैकी एकीचेही नाव आपण सांगू शकत नाही. मिथिलेत बायकांची नावे राहिली. वारल्यांत ती राहिली नाहीत.

गंगादेवींची खोली

नाव राहिले म्हणजे चित्र राहते, असेही नाही. प्रगती मैदानाजवळचे, भैरों मार्गावरचे हस्तशिल्प संग्रहालय आपण मुलांना घेऊन पाहिले असेल. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ती वास्तू, चौकामागून चौक, एखाद्या गावातून फिरल्यासारखी. ज्योतींद्र जैन संचालक असताना देशभरातले आदिवासी आणि लोककलाकार येऊन तिथल्या भिंती रंगवत. राजधानीत या कलांना मिळालेले हे सर्वांत सन्मानाचे घर.

मधुबनीच्या गंगादेवी त्यांपैकी एक. १९८४ च्या पद्मश्री. कर्करोगाच्या उपचारांसाठी त्या दिल्लीत राहत होत्या आणि त्या दुखण्यातच त्यांनी संग्रहालयात एक पूर्ण ‘कोहबर घर’ रंगवले. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१५ च्या सुरुवातीला बातमी आली, की संग्रहालयाच्या नूतनीकरणात ती खोली नष्ट झाली. कला जपण्यासाठीच बांधलेल्या इमारतीत, कोणा वैऱ्याने नव्हे, दुरुस्तीच्या कामाने ती पुसली.

मिथिलेत दर लग्नाला कोहबर पुसला जातो आणि कोणी रडत नाही, मग इथेच एवढे दुःख का? उत्तर सोपे आहे. तिथे जुने चित्र गेले तरी काढणारी बाई घरात असते, आणि तिच्या शेजारी बसून शिकणारी मुलगी असते. दिल्लीच्या खोलीत चित्र होते आणि काढणारी गेली होती. पुन्हा तेच कोण काढणार?

शहरातल्या सगळ्या भिंतींचे हेच आहे. लोदीतली चित्रे उन्हाने, पावसाने आणि धुराने फिकी होतात, कधी त्यांवर नवे चित्र चढते. सरोजिनी नगर, नेताजी नगर, नवरोजी नगर या आपल्या ओळखीच्या वसाहतींचे जुने क्वार्टर गेल्या काही वर्षांत पाडले गेले. प्रगती मैदानाचे ‘हॉल ऑफ नेशन्स’ एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत भुईसपाट झाले. भिंत टिकेल या भरवशावर कोणतीही कला सोपवता येत नाही. टिकवायचे ते काढणारे माणूस आणि त्याची पुढची पिढी.

आपल्याला काय करता येईल

आता उड्डाणपुलाखालच्या वारली चित्रांकडे पुन्हा पाहावे. त्यांतली पुष्कळशी कुठल्या तरी कंत्राटदाराच्या माणसाने पत्र्याचा साचा लावून काढलेली असतात. तो रंगारीही पोटासाठीच काम करतो, त्याला नावे ठेवायची नाहीत. पण नीट पाहिले की फरक कळतो. साच्यातली माणसे एकसारखी, जिथल्या तिथे उभी. म्हसे यांच्या चित्रात मात्र प्रत्येक माणूस काहीतरी करीत असतो, कोणी वाकलेला, कोणी धावणारा, आणि वेटोळ्याच्या आतल्या टोकाला तारपा वाजवणारा. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक उपदर्शन, म्हणजे जीआय, नोंदणी मिळाली. तेव्हापासून या नावावर त्या मुलखातल्या लोकांचा कायद्याने हक्क आहे. तरीही साच्याच्या चित्राचा पैसा पालघरपर्यंत पोहोचत नाही.

आपल्यासारख्या दिल्लीकर मराठी मंडळांचा इथे संबंध येतो. दरवर्षी आपण मखर, कमान, पडदे यांवर खर्च करतो, आणि हल्ली सजावटीत वारली नक्षी हटकून असते. ती छापील फ्लेक्सवर घेण्याऐवजी एखाद्या वर्षी पालघर जिल्ह्यातल्या चित्रकारांना, त्यांतही चित्रकार बायकांना, दहा दिवस बोलवावे. येण्याजाण्याचा खर्च आणि रास्त मानधन द्यावे. त्यांनी सर्वांसमोर काढावे, आपल्या मुलांनी शेजारी बसून काडी धरून पाहावी, आणि चित्राच्या कडेला काढणारीचे नाव आणि पाड्याचे नाव देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहावे. ज्या सोसायट्यांच्या व्यवस्थापन समितीत आपली माणसे आहेत, तिथे कुंपणाच्या भिंतीसाठीही हेच करता येईल. खर्च फार नाही. ठरवणे तेवढे हवे.

शाडूची मूर्ती आपण दरवर्षी पाण्यात सोडतो आणि निर्धास्तपणे ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणतो, कारण पेणला मूर्ती घडवणारे हात आहेत हे आपल्याला माहीत असते. डहाणूच्या पाड्यांवरचे हातही तसेच कामात राहावेत. मग कोणी सहकाऱ्याने विचारले, “किसने बनाया?” तर आपल्याला एक नाव सांगता येईल, आणि कदाचित ती बाई तिथेच मंडपात बसलेली असेल.

गणपती बाप्पा मोरया!